नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा: कशाची सवय होते आणि कशाची कधीच होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५०, दोन्ही डोळ्यांना लांबचा −१.५०, उजव्याला शिवाय −०.७५ चा सिलिंडर (ठरावीक दिशेपुरता जादा नंबर), आणि आता जवळची ॲडिशन +२.००, म्हणजे वाचण्यासाठी लांबच्या नंबरात मिळवायची शक्ती. पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह, म्हणजे मध्ये रेषा नसलेला लांब-जवळचा एकत्र चष्मा केला आहे. चालताना जमीन हलल्यासारखी वाटते, जिना उतरताना पायरी नेमकी कुठे आहे ते कळत नाही, आणि पेपर वाचायला हनुवटी बरीच वर करावी लागते. दुकानदार म्हणतो, "सवय होईल." होईल का?

पहिल्या दोन तक्रारींची होईल, बहुधा दोन आठवड्यांत. तिसरीची होणार नाही. ती मोजमापाची चूक आहे आणि बहुतेक वेळा दुकानात पाच मिनिटांत दुरुस्त होण्यासारखी आहे. हा फरक ओळखता यावा म्हणून काचेत काय चाललंय ते आधी पाहू.

डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबरही याच एककात असतो). त्यातले ४३ च्या आसपास बाहेरच्या पारदर्शक पडद्याचे, म्हणजे कॉर्नियाचे, आणि ते कायम तेवढेच राहतात. उरलेलं काम आतल्या भिंगाचं, आणि बदलू शकणारा भाग तेवढाच. जवळ बघताना भिंगाभोवतीचा स्नायू आकसतो, भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात आणि भिंग फुगीर होतं. ही मांडणी जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झची, १८५५ सालची, आणि मुळात ती आजही टिकून आहे. भिंगात आयुष्यभर नवे थर चढत राहतात आणि गाभा कडक होत जातो. दहाव्या वर्षी १२ ते १४ डायॉप्टर वाढवू शकणारं भिंग चाळिशीत ५-६ वर येतं, पन्नाशीत २ च्या जवळपास आणि साठीत जेमतेम १ वर. डोळ्यांच्या व्यायामाने हा गाभा मऊ होत नाही. तसं सांगणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नका.

डायॉप्टर म्हणजे मीटरमधल्या अंतराचा व्यस्त. ४० सेंटिमीटरवर वाचायचं तर १ भागिले ०.४, म्हणजे २.५ डायॉप्टर लागतात. तुमच्याकडे २ शिल्लक आहेत असं धरलं तरी सगळे वापरून तासभर वाचता येत नाही, निम्मे राखीव ठेवावे लागतात. म्हणजे तूट दीडची. शिल्लक थोडी कमी असेल तर पावणेदोन-दोनची. म्हणूनच पन्नाशीत ॲडिशन साधारण +१.७५ ते +२.०० लिहिलेली असते. तुमची +२.०० वयाला धरून आहे. हीच ॲडिशन बेचाळिशीत लागली असती तर मात्र लांबचा प्लस नंबर दडलेला आहे का हे पुन्हा तपासायला सांगितलं असतं.

कागदावर −१.५० आणि ॲडिशन +२.०० असेल तर वाचायच्या भागात काचेची शक्ती या दोन्हींची बेरीज असते, म्हणजे +०.५०. वरून खाली येताना −१.५० पासून +०.५० पर्यंत सलग बदल. बेंजामिन फ्रँकलिनने १७८५ च्या पत्रात वर्णन केलेल्या दुहेरी चष्म्यात हा बदल एका रेषेवर व्हायचा, बायफोकलमध्ये आजही तसाच होतो. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार मेतनाझ यांनी बाजारात आणलेल्या प्रोग्रेसिव्ह काचेत तो १२-१४ मिलिमीटरच्या पट्ट्यात हळूहळू होतो. या पट्ट्याला कॉरिडॉर म्हणतात.

सगळ्या अडचणींचं मूळ हा कॉरिडॉर. गुळगुळीत पृष्ठभागावर वरून खाली शक्ती वाढवत नेली की बाजूंना नको असलेला सिलिंडर तयार होतोच. १९६३ मध्ये मिंकविट्झने गणिताने दाखवलं की मधल्या रेषेजवळ हा सिलिंडर बाजूकडे ज्या वेगाने वाढतो तो वेग शक्तीच्या उभ्या बदलाच्या दुप्पट असतो. तुमच्या आकड्यांत: १४ मिलिमीटरमध्ये २.०० डायॉप्टर, म्हणजे दर मिलिमीटरला ०.१४. बाजूला दर मिलिमीटरला ०.२९. अर्ध्या डायॉप्टरपर्यंतचा सिलिंडर डोळा खपवून घेतो असं धरलं तर मधल्या रेषेपासून दोन्हीकडे पावणेदोन मिलिमीटर, म्हणजे एकूण साडेतीन मिलिमीटर रुंदीचा स्वच्छ पट्टा. ॲडिशन +१.०० असती तर तोच पट्टा सात मिलिमीटर झाला असता. चाळिशी लागताच प्रोग्रेसिव्ह सुरू करणाऱ्यांना त्रास कमी होतो आणि पन्नाशीपर्यंत टाळाटाळ करणाऱ्यांना जास्त, त्याचं कारण या भागाकारात आहे. महाग डिझाइनमध्ये हा सिलिंडर कडेला, वर किंवा खाली सरकवता येतो, पसरवून सौम्य करता येतो. नाहीसा करता येत नाही. 'कडेला अजिबात धूसर नाही' असं सांगून विकली जाणारी काच अजून बनलेली नाही.

आता जुन्या चष्म्याशी तुलना करा. साध्या एकेरी नंबरच्या काचेत मध्य डोळ्यासमोरून सरकला तर त्रास देतो तो प्रिझम, म्हणजे दृश्य मूळ जागेवरून सरकून दिसणं. त्याचा हिशोब सोपा आहे: सेंटिमीटरमधलं सरकणं गुणिले नंबर. −१.५० च्या काचेत २ मिलिमीटरची चूक म्हणजे ०.३ प्रिझम डायॉप्टर. आडव्या दिशेने एवढं कोणाच्या लक्षातही येत नाही. इतकी वर्षं तुमचा पीडी, म्हणजे बाहुल्यांमधलं अंतर, ढोबळ मोजला गेला असेल तरी चालून गेलं. प्रोग्रेसिव्हमध्ये तेच २ मिलिमीटर तुम्हाला साडेतीन मिलिमीटरच्या पट्ट्याबाहेर उभं करतात. जुन्या दुकानात, जुन्याच पद्धतीने मोजून केलेला नवा चष्मा बिघडतो तो इथे.

मग सवय कशाची होते? डोकं उजवीकडे वळलं की डोळे आपोआप तेवढेच डावीकडे वळतात आणि दृश्य स्थिर राहतं. हे काम कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि मेंदू मिळून करतात. 'तेवढेच' म्हणजे किती, हे चष्म्यावर अवलंबून असतं, कारण काच दृश्य लहान-मोठं करते. डोळ्यापासून १२ मिलिमीटरवरची −१.५० ची काच जग सुमारे २ टक्के लहान दाखवते. वाचायच्या भागातली +०.५० ची काच किंचित मोठं दाखवते. बाजूच्या सिलिंडरमध्ये आडवं आणि उभं मोजमापही सारखं राहत नाही. मेंदूचा हिशोब जुन्या काचेवर बेतलेला, त्यामुळे डोकं हलवलं की दाराची चौकट वाकते आणि जमीन तरंगते. हा हिशोब काही दिवसांत नव्याने बसतो, पण चष्मा सलग घातला तरच. दिवसा नवा आणि संध्याकाळी कंटाळून जुना असं केलं की मेंदू रोज शून्यावर येतो. सकाळी उठल्यावर घाला, पहिले दोन-तीन दिवस घरात वावरा, आणि गाडी चालवणं तोवर टाळा.

जिन्याचं कारण वेगळं आहे. खाली बघितलं की नजर वाचायच्या भागातून जाते. ॲडिशन +२.०० म्हणजे तिथून जास्तीत जास्त ५० सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट. पायरी डोळ्यापासून दीड मीटरवर, तिला ०.६७ डायॉप्टर लागतात. उरलेले १.३३ डायॉप्टर पायरीची कड धूसर करतात. उपाय काचेत नाही, मानेत आहे: फक्त डोळे खाली न नेता हनुवटी छातीकडे घ्या, म्हणजे नजर काचेच्या वरच्या भागातून जाईल. एसटीतून किंवा लोकलमधून उतरताना हे मुद्दाम करावं लागतं, आठवड्याभरात अंगवळणी पडतं. सत्तरी ओलांडलेल्यांना, किंवा आधी कधी पडलेल्यांना, बाहेर फिरायला फक्त लांबचा वेगळा चष्मा द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

धूसरपणाची सवय मात्र होत नाही. प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पसरूनच पोहोचला असेल तर मेंदूला दुरुस्त करायला हाताशी काही नसतं. तुम्ही हनुवटी वर करता ही सवय नाही, ती चुकीच्या जागी बसलेल्या काचेची शरीराने केलेली भरपाई आहे. महिनाभरात मानेचं दुखणं तेवढं मागे लागेल.

घरच्या घरी तपासा. चष्मा नेहमीसारखा घाला आणि ४० सेंटिमीटरवर पेपर धरा. आता फ्रेम दोन बोटांनी २ मिलिमीटर वर उचला. वाचणं लगेच सोपं झालं तर काच खाली बसली आहे. उचलूनही फरक नसेल आणि पेपर आणखी जवळ धरल्यावर किंवा दूर नेल्यावरच स्पष्ट दिसत असेल, तर ॲडिशनचा आकडा चुकला आहे: दूर न्यावा लागत असेल तर कमी, जवळ आणावा लागत असेल तर जास्त. मग समोर लांबवरची पाटी बघा. ती धूसर असेल आणि फ्रेम किंचित खाली दाबल्यावर किंवा हनुवटी खाली केल्यावर स्वच्छ होत असेल तर काच उंच बसली आहे, सरळ बघतानाच तुम्ही कॉरिडॉरमधून बघता आहात.

त्यानंतर एकेक डोळा झाकून वाचा. ओळीचा स्वच्छ भाग दोन्ही डोळ्यांना नाकासमोर यायला हवा. एका डोळ्याला स्वच्छ अक्षरं डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेली मिळत असतील तर त्या डोळ्याचा पीडी चुकला आहे. दोन्ही डोळ्यांचा मिळून ६४ असा एकच आकडा कागदावर असेल तर चूक तिथेच शोधा. बहुतेकांचं नाक बरोबर मध्यावर नसतं, ३१ आणि ३३ असे वेगवेगळे आकडे घ्यावे लागतात. वाचायला घ्यायचा मजकूर मोठ्या टायपातला नको. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांतला फरक पडताळता येईल असा पेपरातला बारीक मजकूर किंवा औषधाच्या पाकिटावरच्या सूचना घ्या. मोठ्या अक्षरांत अर्ध्या डायॉप्टरची चूक सहज लपते.

काचेवर खुणाही असतात. वाफ सोडून काच दिव्यासमोर तिरकी धरली की दोन पुसट कोरलेल्या खुणा दिसतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली ॲडिशन असते, तुमच्यासाठी "२०" किंवा "२.००". नाकाकडच्या खुणेखाली कंपनीची निशाणी. दोन्ही खुणांना जोडणारी रेषा फ्रेममध्ये आडवी असायला हवी. गोल फ्रेममध्ये काच फिरते, आणि फिरली की कॉरिडॉर तिरका होतोच, उजव्या डोळ्याच्या सिलिंडरचा ॲक्सिसही, म्हणजे त्याची दिशाही बिघडते. १० अंशांची चूक सिलिंडरचे सुमारे ३५ टक्के दुरुस्त न करता सोडते, ३० अंशांची चूक म्हणजे सिलिंडर न दिल्यासारखंच. तुमच्या ०.७५ ला १० अंशांनी पाव डायॉप्टर जातो. फार नाही, पण बाकी चुकांमध्ये भर पडते.

दुकानात कोणत्या क्रमाने काम करून घ्यावं तेही सांगतो. आधी फ्रेम चेहऱ्यावर बसवून घ्यायची आणि मगच मोजमाप घ्यायचं. उलट क्रमाने केलं तर सगळं मोजमाप वाया. फ्रेमचा खालचा भाग गालाकडे ८ ते १२ अंश झुकलेला हवा आणि काच डोळ्यापासून १२ ते १४ मिलिमीटरवर. दाराच्या फटीला डोळा जितका जवळ न्यावा तितकं पलीकडचं जास्त दिसतं, कॉरिडॉरचंही तसंच आहे. फ्रेम पुढे घसरली की वाचायचा भाग अरुंद होतो, आणि तक्रार येते की काच हलकी दिली. मोजणाऱ्याने तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर समोर बसायचं, तुम्ही मान सहज ठेवून समोर बघायचं, आणि त्याने डेमो काचेवर मार्करने दोन्ही बाहुल्यांच्या मध्यावर ठिपका द्यायचा. ठिपक्यापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत नेहमीच्या डिझाइनला निदान १८ मिलिमीटर हवेत. आखूड कॉरिडॉरची काच १४-१५ मध्येही बसते, पण वरचा हिशोब आठवा: २.०० ला १० मिलिमीटरमध्ये बसवलं तर स्वच्छ पट्टा अडीच मिलिमीटर उरतो. बुटकी फ्रेम आवडली म्हणून आखूड कॉरिडॉर घेणं हा महागात पडणारा हट्ट आहे. पायलट आकाराची फ्रेमही नको. तिचा नाकाकडचा खालचा कोपरा कापलेला असतो आणि वाचायचा भाग नेमका तिथेच असतो, कारण जवळ बघताना प्रत्येक डोळा सुमारे अडीच मिलिमीटर आत वळतो.

तयार चष्मा हातात मिळताना काचेवरच्या रंगीत खुणा पुसू देऊ नका. त्यातला क्रॉस तुमच्या बाहुलीवर आला की नाही ते तिथेच बघून घ्या. एक-दोन मिलिमीटरची चूक नोज पॅडने सुटते: पॅड जवळ आणले की फ्रेम वर चढते, फाकवले की खाली येते. तुमच्या तिसऱ्या तक्रारीला बहुधा एवढंच लागेल. एकसंध प्लास्टिक फ्रेमला पॅड नसतात, तिथे ही सोय नाही. म्हणून पहिल्या प्रोग्रेसिव्हसाठी पॅड असलेली धातूची फ्रेम घ्यावी. चूक तीन मिलिमीटरच्या वर असेल तर काच नव्याने करून मागा.

कधी कधी बसवणं बरोबर आणि नंबरच चुकीचा, असंही असतं. लांबचा नंबर ६ मीटरवर तपासायचा असतो. छोट्या दुकानात ३ मीटरवर तक्ता लावतात, आणि आरसा नसेल तर तिथे ०.३३ डायॉप्टरचा फरक आधीच शिरतो. तक्ता जवळ असल्यामुळे नंबर तेवढा प्लसकडे झुकतो, आणि रस्त्यावरची पाटी कायम किंचित धूसर राहते. लाल-हिरव्या पार्श्वभूमीवरच्या अक्षरांची चाचणी याचसाठी असते. डोळा हिरव्या प्रकाशाला लालपेक्षा जास्त वळवतो, दोन्हींत जवळपास अर्ध्या डायॉप्टरचं अंतर पडतं. लाल बाजूची अक्षरं जास्त ठळक दिसली तर मायनस अजून कमी पडतो आहे. तपासणाऱ्याने ही चाचणी केली नसेल तर करायला सांगा.

दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. एक −१.०० आणि दुसरा −४.०० असेल, तर १० मिलिमीटर खालून वाचताना दोन डोळ्यांत ३ प्रिझम डायॉप्टरचा उभा फरक पडतो. उभ्या दिशेने डोळे एवढं सहन करत नाहीत, ओळी दुहेरी दिसतात किंवा डोकं दुखतं. अशांनी वाचायला वेगळा चष्मा ठेवलेला बरा. तुमच्या दोन्ही डोळ्यांत एवढा फरक नाही.

दिवसभर कॉम्प्युटर असेल तर प्रोग्रेसिव्हवर अवलंबून राहू नका. स्क्रीन ६५ सेंटिमीटरवर असते, तिला दीड डायॉप्टर लागतात, आणि ते कॉरिडॉरच्या सर्वांत अरुंद भागात मिळतात. लांबच्या नंबरात ॲडिशनचा निम्मा भाग मिळवून एकेरी काच करा: तुमच्यासाठी −१.५० मध्ये +१.००, म्हणजे −०.५०. यात १ मीटरपर्यंत रुंद आणि स्वच्छ दिसेल, उठून चालायला तो वापरू नका. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या थोडी खाली ठेवा. निळा प्रकाश अडवणाऱ्या ब्लू-कट काचेसाठी जादा पैसे मोजू नका. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात डोळ्यांचा थकवा कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. अँटी-रिफ्लेक्शनला मात्र पैसे द्या. १.५ अपवर्तनांकाच्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून ४ टक्के प्रकाश परत फिरतो, १.६७ च्या पातळ काचेत ६ टक्क्यांहून अधिक. तुमच्या नंबराला पातळ काचेची गरजच नाही, साध्या सीआर-३९ प्लास्टिकच्या काचेची रंगफोड सर्वांत कमी असते. पॉलीकार्बोनेट फुटत नाही हे खरं, पण कडेला रंगीत झालर तीच जास्त दाखवते.

आणि इतकं करूनही जमलं नाही तर बायफोकलमध्ये कमीपणा नाही. शिंपीकाम, हिशोबाच्या वह्या, तांदूळ निवडणं यांना वाचायचा रुंद भाग लागतो. दुकानात 'केटी' म्हणून मिळणारी गोल काच स्वस्त असते, पण तिच्या रेषेवर नजर ओलांडताना चित्र उडी मारतं. साधारण २२ मिलिमीटरच्या गोलाचा मध्य रेषेखाली ११ मिलिमीटरवर, म्हणून +२.०० ला २.२ प्रिझम डायॉप्टरची उडी. वरून सपाट असलेल्या 'डी' काचेत मध्य रेषेच्या ५ मिलिमीटर खाली, उडी १ ची. त्यामुळे घ्यायची तर 'डी' घ्या.

एवढ्यात दिसणं अचानक बदललं असेल तर दुकानाआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मधुमेहात साखर वर-खाली झाली की नंबर काही दिवसांत बदलतो, आणि साखर स्थिर होण्याआधी केलेला चष्मा वाया जातो. साठीनंतर चष्म्याशिवाय अचानक वाचता येऊ लागलं तर बहुधा मोतीबिंदू भिंगाच्या गाभ्यात सुरू झालेला असतो. अचानक दुहेरी दिसणं, प्रकाशाच्या चमका किंवा नजरेवर पडदा ओढल्यासारखं वाटणं यांचा काचेशी संबंध नाही, त्याच दिवशी दाखवा. पन्नाशीत नंबर तपासताना डोळ्याचा दाब आणि मागचा पडदाही तपासून घ्या. काचबिंदूचं नुकसान नंबराच्या तक्त्यावर शेवटपर्यंत दिसत नाही.